मागच्या सीटवरचा युरोप

टूनगॅबी, सिडनी, ९ फेब्रुवारी २०२५

श्री,

फोनच करणार होते, पण आमच्याकडे फोन म्हणजे स्पीकरवर, आणि स्पीकर किचनमध्ये. आई भाजी चिरता चिरता सगळं ऐकते आणि विनय, नवरा असल्याच्या हक्काने, मधेच तोंड घालतो. म्हणून ही मेल. सावकाश वाच, बायकोलाही वाचून दाखव.

फॅमिली ग्रुपवर तुझा प्लॅन पाहिला. जून-जुलैमध्ये तीन आठवडे युरोप, भाड्याच्या गाडीने. म्युनिकला गाडी घ्यायची, मग ऑस्ट्रिया, मग डोंगर ओलांडून स्लोव्हेनिया, तिथून क्रोएशियाचा समुद्र आणि परत म्युनिक. वर ते एक्सेल, त्यात प्रत्येक गावाला वेगळा रंग. तू ट्रॅफिक इंजिनियर आहेस हे मान्य, पण तू बायको आणि मुलगी घेऊन निघालायस, सिमेंटचे ट्रक नाही.

स्पृहा चार वर्षांची आहे, श्री. नाताळात तुम्ही इकडे आलात तेव्हा आपण तिला ब्लू माउंटन्सला नेलं. जाताना दोनदा ओकली, येताना एकदा. सगळं जग ज्या कड्यांसाठी येतं ते समोर असताना ती पार्किंगमधल्या एका मॅग्पाय पक्ष्याजवळ बसून राहिली. "लुक, ही लाइक्स मी." तिला तू बव्हेरियातला राजवाडा दाखवणार. तिथे एखादं कबूतर असलं म्हणजे तुझे पैसे वसूल.

तिला अजून डावा बूट कुठला आणि उजवा कुठला ते कळत नाही. तिचा बाप जन्मात पहिल्यांदा रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवणार. बरोबरच शिका दोघं.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. माणसाला हौस असते, आणि ग्लेन वेव्हर्लीत ती जरा जास्तच होते. तिकडे म्हणे बालवाडीच्या गेटवर कोण कुठे जाऊन आलं याचीच हजेरी घेतात. पण तुझी शेवटची ओळ वाचली आणि हातातला चहा गार झाला. 'आईलाही नेतोय, तिचाही युरोप होऊन जाईल.' होऊन जाईल म्हणजे काय? दाढ काढायची आहे का तिची? आईला का नेतोयस ते सरळ लिही.

ताई


ग्लेन वेव्हर्ली, १३ फेब्रुवारी

ताई,

मेल वाचली. यामिनीला वाचून दाखवली नाही, कारण मला संध्याकाळी जेवायचं होतं.

तू आणि विनय आजवर कुठे गेलात ते सांग. यंदा पुणे, पुढच्या वर्षी पुणे, आणि मधे एकदा चेंज म्हणून सिंगापूरचा एअरपोर्ट. तू मला प्रवासावर सल्ला देणं म्हणजे घासफूस खाणाऱ्याने मटणाच्या रश्शात मीठ कमी पडलं म्हणून सांगण्यासारखं आहे.

स्पृहाला गाडी लागते, खरंय. डॉक्टरांना विचारून औषध घेतलंय, दर तासा-दीड तासाने थांबायचं ठरलंय. आणि उजवीकडून चालवणं पहिल्या दिवशी अवघड जातं, मग सवय होते, असं ऑफिसमधले सगळे सांगतात. आमच्या ऑफिसात लोक रस्त्यांबद्दल उगाच बोलत नाहीत.

आता आई. बाबा गेले, मग पुण्याचा फ्लॅट बंद करून ती तुझ्याकडे आली, इथली कायमची रहिवासी झाली. तेव्हापासून तिने काय पाहिलं? तुझ्या विहान आणि नीलाच्या शाळेचं गेट आणि वेंटवर्थव्हिलची किराणा दुकानं. तिने जग बघूच नये का?

आणि खरं सांगायचं तर यात सगळ्यांचीच सोय आहे. स्पृहा आजीजवळ झोपेल, दोघींना वेगळी खोली घेतली आहे. संध्याकाळी आम्हाला जरा बाहेर पडता येईल. स्पृहा झाल्यापासून यामिनी आणि मी एकदाही दोघंच असे जेवायला गेलेलो नाही. यामिनी तर स्पष्ट म्हणाली, बरोबर कोणी नसेल तर मी येत नाही, घरी जे करते तेच आल्प्समध्ये जाऊन कशाला करू. आईलाही नातीचा सहवास मिळेल. यात वाईट काय आहे?

तुझ्याकडून एकच हवंय. आपल्याला व्हिसा लागत नाही, पण आईचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, तिला लागेल. सिडनीत व्हिसा सेंटरला जाऊन बोटांचे ठसे द्यायचे असतात. फॉर्म वगैरे सगळं मी भरून तुम्हा दोघींना पाठवतो. तू फक्त अपॉइंटमेंट घे आणि तिला सिटीत घेऊन जा.

श्री


टूनगॅबी, १५ फेब्रुवारी

श्री,

पाहिलंस, सरळ लिही म्हटलं की तुला लिहिता येतं. तुम्हाला मुलगी सांभाळायला बाई हवी आहे. ती भाड्याने मिळत नाही, म्हणून आई.

'नातीचा सहवास' हे शब्द तर तू सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लाव. संध्याकाळी तुम्ही दोघं तळ्याकाठी वाइन पिणार, आणि आई खोलीत बसून स्पृहाला वरणभात भरवणार, कारण तिथला पास्ता तिला 'यकी' वाटणार. म्हणजे आईचा युरोप झाला.

मी तिला विचारलं. पोळ्या करत होती. म्हटलं, "आई, तुला खरंच जायचंय का श्रीबरोबर?" तव्यावरची पोळी उलटत म्हणाली, "बघू." आपल्या आईच्या 'बघू'चा अर्थ तुला मी सांगायला नको. तिला नाही म्हणता येत नाही, म्हणून ती बघू म्हणते. तिचे गुडघे दुखतात, लिफ्ट नसलेली हॉटेलं तू हौसेने बुक केली असणार, आणि तिकडे तिला जेवायला ब्रेड आणि चीज.

शिवाय तारखा बघितल्यास का? जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून इथे शाळांना सुट्टी. माझ्या लॅबमधली सुपरवायझर मॅटर्निटी लीव्हवर जातेय, जूनपासून तिच्या जागी मी. इतक्या वर्षांनी मिळतंय, श्री, आणि नीट निभावलं तर कायमचं मिळेल. विनयला तेव्हा सुट्टी नाही. व्हेकेशन केअर, ते मुलांचं सुट्टीतलं पाळणाघर, आत्ताच भरलंय. तेव्हा आई मला इथे हवी आहे. पण तो मुद्दा नाही. आई दमेल, हा मुद्दा आहे.

अपॉइंटमेंटचं बघते. स्लॉट मिळत नाहीत म्हणे हल्ली.

ताई


ग्लेन वेव्हर्ली, २७ एप्रिल

ताई,

मार्चमध्ये तू म्हणालीस स्लॉट नाहीत. पुन्हा विचारलं तर साइट चालत नाही. मग म्हणालीस ईस्टरनंतर बघू. मी तीच साइट इथे उघडून बघितली. स्लॉट होते, सकाळचे होते, दुपारचे होते. मी गप्प बसलो, कारण आईने मला गप्प बसायला सांगितलं होतं.

आता सांगतो. एप्रिलच्या सुरुवातीला मी मीटिंगमध्ये असताना तिचा फोन आला. बाहेर येऊन घेतला, म्हटलं काही झालं की काय.

"श्री, मी सिटीत आहे. ठसे देऊन झाले. इथे बरा डोसा कुठे मिळेल?"

"कोणाबरोबर आलीस?"

"ट्रेनबरोबर."

"आई, ताईला माहीत आहे का?"

"तिला कामं असतात. तू पण सांगू नकोस. आधी होऊ दे, मग बघू."

तुमच्या शेजारच्या लीनाने तिला अपॉइंटमेंट घेऊन दिली. मी पाठवलेले कागद तिने लायब्ररीत जाऊन प्रिंट केले. टूनगॅबी स्टेशनवरून एकटी गेली. जन्मभर बँकेत काम केलेल्या बाईला आपण दोघं हात धरून रस्ता ओलांडायला लावतो. आणि तुझ्या माहितीसाठी, तीन वाजता विहान आणि नीलाला आणायला ती शाळेच्या गेटवर हजर होती. तेवढं वाचून तुला बरं वाटेल.

गुरुवारी तिचा व्हिसा आला.

आम्ही बाई नेतोय असं तू लिहिलंस. आम्ही तीन आठवडे नेतोय. तू तीन वर्षं ठेवून घेतली आहेस. तुझी खुर्ची आणि तुझी शाळेची सुट्टी, हे आईच्या गुडघ्यांच्या नावावर खपवू नकोस.

श्री


टूनगॅबी, ३० एप्रिल

श्री,

तुझी मेल आल्यावर मी आईशी बोलले. ती नीलाच्या युनिफॉर्मचं बटण लावत होती.

म्हटलं, "तू मला सांगितलं नाहीस."

म्हणाली, "तू तरी कुठे सांगितलंस?"

"काय?"

"काही नाही. दोरा तोड जरा."

मी दोरा तोडून दिला. तुला यातून आनंद होणार असेल तर होऊ दे.

पण तू फार उड्या मारू नकोस. आई माझ्याकडे राहते तेव्हा तिला स्वतःची खोली आहे, तिचा टीव्ही आहे, गुरुवारी भजनाला जायला मी गाडीने सोडते. ताप आला तर रजा मी काढते. तू दर रविवारी व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं मुलगी दाखवतोस आणि तेवढ्यावर मला माझ्याच घरात शिकवायला येतोस. बाई ठेवणं काय असतं, ते तीन आठवड्यांत तुलाही कळेल. ती बाई नसते, आई असते, म्हणून तिला सुट्टी द्यायचं सुचत नाही. हे मी माझ्याबद्दल लिहीत नाहीये, तुला आधीच सांगून ठेवते आहे.

आईची औषधं एका डब्यात घालून देते. तिला पुढच्या सीटवर बसव. बसवणार नाहीस, माहीत आहे.

ताई


बोवेत्स, स्लोव्हेनिया, २ जुलै

ताई,

सगळं उत्तम चाललंय. रस्ते म्हणजे लोणी. उजवीकडून चालवायची सवय झाली. फक्त इंडिकेटरच्या जागी वायपर आहे, त्यामुळे कोरड्या ठणठणीत उन्हात वळायच्या आधी मी काच पुसतो आणि मागचे लोक हॉर्न देतात.

राजवाडा पाहिला, म्हणजे यामिनीने आणि मी आळीपाळीने पाहिला. तिथे बदकं होती. तू हसू नकोस.

काल क्रान्स्का गोराहून घाट ओलांडून इकडे आलो. पन्नास वळणं, प्रत्येक वळणाला नंबर लिहिलेला, पाहण्यासारखी जागा आहे. स्पृहाला थोडं झालं, पण आई बरोबर होती, त्यामुळे काळजी नव्हती. वर पोहोचल्यावर अप्रतिम फोटो मिळाले, ग्रुपवर टाकलेत. आई फोटोत नाही, ती गाडीत होती. तिला डोंगर फारसे आवडत नाहीत असं दिसतंय.

उद्या क्रोएशियाला, समुद्रावर. आई मजेत आहे. जरा गप्प असते, पण ती तशीच आहे.

श्री


बोवेत्स, ५ जुलै

चि. चित्रा आणि चि. श्रीनाथ,

दोघांना मिळून हे एकच पत्र. दोनदा लिहायला मला वेळ नाही. फोनवर एका बोटाने टाइप करते आहे, चुका सुधारून वाचा.

चित्रा, मी इथे एकटी आहे. घाबरू नकोस आणि श्रीला फोन करून ओरडूही नकोस. श्री, यामिनी आणि स्पृहा समुद्रावर गेले. मी गेले नाही.

त्या घाटात काय झालं ते श्रीने तुला त्याच्या पद्धतीने कळवलं असेल. माझ्या पद्धतीने असं झालं. हे दोघं पुढे, मी मागे. एका हातात पिशवी, दुसरा हात स्पृहाच्या कपाळाला. बाविसाव्या का तेविसाव्या वळणावर पिशवी चुकली आणि सगळं माझ्या शालीवर आलं. वर गेल्यावर श्रीने गाडी थांबवली. म्हणाला, "आई, तू तिला जरा पुसून घेतेस का, आम्ही पटकन बघून येतो." गेले. मी पोरीचे कपडे बदलले, सीट पुसली, शाल पिशवीत बांधली. आल्प्स म्हणून मी जे काही पाहिलं त्यात मधोमध श्री आणि यामिनीच्या पाठी होत्या. फोटो काढताना हात लांब करून उभे होते.

मला राग आला नाही. मला ओळखीचं वाटलं, आणि त्याचाच मग राग आला. तुमच्या बाबांनी फियाट घेतली तेव्हा पुढे ते आणि तुमचे काका. महाबळेश्वर, गणपतीपुळे, कुठेही जा, मी मागे. मांडीवर श्री, शेजारी चित्रा, हातात पिशवी. आंबा घाट लोकांना हिरवागार आठवतो. मला ती पिशवी आठवते. मला वाटलं होतं मुलं मोठी झाली की ती सीट सुटेल. नाही सुटली. देश बदलला, गाडी बदलली, पिशवी तेवढी चांगल्या क्वालिटीची झाली.

निघायच्या दिवशी सकाळी नाश्त्याला मी सांगितलं, मी इथेच राहते, तुम्ही परत जाताना मला घ्या.

श्री म्हणाला, "आई, तिकडचं हॉटेल बुक आहे."

"मग जा की."

"तू एकटी इथे काय करणार?"

"ते मला अजून माहीत नाही. राहिले की कळेल."

यामिनी बराच वेळ कपात चमचा फिरवत होती. मग म्हणाली, "आई, आणि स्पृहाचं काय?"

मी म्हटलं, "तुमचीच आहे ना ती?"

स्पृहा जॅम खात होती. चांगली पोरगी आहे, माझं तिच्याशी काही भांडण नाही.

आता काय करते ते ऐका. ज्या घरात उतरले आहे त्याची मालकीण आलेंका माझ्याच वयाची. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा वाईट, त्यामुळे आमचं चांगलं जमतं. सकाळी नदीपर्यंत चालत जाते. पाणी असं निळं की खोटं वाटतं, पाय घातला तर बर्फ. गुडघे दुखतात, पण टूनगॅबीतही दुखतात. दुपारी चौकात बसते. इथे एक गोड पदार्थ करतात, सुक्या पेअरचं आणि अक्रोडाचं सारण भरून उकडतात. मोदकच, पण कळी पाडता न आल्यासारखा. मी आलेंकाला मुखऱ्या पाडून दाखवल्या. तिने पाहिलं आणि स्वतःच्याच पद्धतीने केले. बरोबर केलं.

आता तुम्हा दोघांना सांगायचं ते सांगते.

श्री, मला युरोप बघायचा होता. म्हणून एकटी जाऊन व्हिसा काढला. तू मला युरोप दाखवायला आणलंस असं सगळ्यांना सांगतोस. तू मला आणलंस, दाखवणं राहिलं.

चित्रा, मी 'बघू' म्हणाले तेव्हा त्याचा अर्थ हो असा होता. तुला तो नाही असा लागला, कारण तुला नाही हवं होतं. स्लॉटचं म्हणशील तर तू कपडे वाळत घालत होतीस आणि लॅपटॉप उघडा होता. चष्मा लावून मीही पाहिले होते.

तुम्ही दोघं माझ्यावरून भांडलात, हे मला दोघांनीही वेगवेगळं येऊन सांगितलं. मी कोणाच्या बाजूची आहे ते मात्र विचारलं नाहीत. एकाला मी तीन आठवडे हवी होते, दुसरीला बारा महिने. मोठ्या प्रेमाने भांडलात. माझी काळजी म्हणून.

जेवायची वेळ झाली.

आई


म्युनिक, ११ जुलै

ताई,

आईच्या पत्रावर मी काही लिहिणार नाही. तूही लिहिलेलं नाहीस, त्यावरून तुझंही तेच दिसतंय.

समुद्रावरचं सांगतो. निघालो तेव्हा यामिनी आपणहून मागे बसली. अर्ध्या रस्त्यात म्हणाली, "श्री, हे भयंकर आहे. इथून रस्ता दिसत नाही, फक्त तुझं डोकं दिसतं." त्या दिवशीची पिशवी तिने धरली, परत येताना मी. एक्सेलमधलं काहीही पाहिलं नाही. स्पृहा सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्याकाठी गोटे एका बाटलीत भरायची आणि ओतायची. आम्ही शेजारी बसून बघायचो. दुसरं काही करताच येत नव्हतं. दोघांनी बाहेर जेवायला जायचा प्रश्नच नव्हता, पिझ्झा खोलीत आणून खाल्ला. पहिल्या रात्री भांडलो, मोठ्याने, हॉटेलवाल्याने दार वाजवलं. दुसऱ्या दिवशी भांडायची ताकद उरली नाही.

स्पृहाने मला विचारलं, "इज आजी ऑन हॉलिडे?" मी हो म्हटलं. "अँड आर वी?" मी तिला गोटे दिले.

बोवेत्सला परत पोहोचलो तेव्हा आई चौकात आलेंकाबरोबर बसलेली. मला वाटलं होतं उठून येईल, स्पृहाला उचलेल. तिने हाताने खुर्च्या दाखवल्या. "बसा. कॉफी घ्या, बरी मिळते इथे." आणि वेटरला हाक मारून स्वतः ऑर्डर दिली. स्पृहा तिच्या मांडीवर चढायला लागली तर म्हणाली, "आधी बाबाकडे पाणी पी." मग घेतलं.

आणखी दोन दिवस राहू या म्हणाली. राहिलो. ऑस्ट्रियातल्या एका हॉटेलचे पैसे बुडाले. म्युनिकपर्यंत ती पुढे बसली आणि मला वायपर आणि इंडिकेटरमधला फरक शिकवला.

तुझी लॅब कशी चालली आहे? टोमणा नाही, विचारतोय.

श्री


टूनगॅबी, १४ जुलै

आई,

ही मेल तुला एकटीला आहे. श्रीला दाखवू नकोस, तो फ्रेम करून लावेल.

सुट्टीचा पहिला आठवडा संपला. व्हेकेशन केअरमध्ये ऐन वेळी दोन दिवसांची जागा मिळाली. दोन दिवस विनय घरून काम करतो असं म्हणाला. संध्याकाळी आले तर विहान आणि नीला सोफ्यावर कॉर्नफ्लेक्स खात होते, दुपारीही तेच खाल्लं होतं, आणि विनय म्हणे कॉलवर होता. उरलेला एक दिवस मी घरी राहिले. लॅबमध्ये मॅनेजरला सांगितलं की शाळेच्या सुट्टीत मला चारच दिवस येता येईल, चालत असेल तर बघा. मला वाटलं खुर्ची गेली. तो म्हणाला, "नो वरीज, रोस्टर पाठव." इतकं साधं होतं. मी फेब्रुवारीपासून त्यावरून जग उलटं करत होते.

मी पोळ्या केल्या. नीला म्हणाली, "आजी डझन्ट मेक देम लाइक दॅट." मी म्हटलं, आजी सुट्टीवर आहे, जे आहे ते खा. खाल्ल्या. त्यात काही मेलं नाही कोणी.

स्लॉटबद्दल मी लिहीत नाही. तू लिहिलंस तेवढं पुरे आहे. ते मी तीन वेळा वाचलं.

सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुट्टीत मी रजा काढते आहे. टास्मानियाला जाऊ या का? गाडी मी चालवेन, तिथे रस्त्याच्या बाजू तरी आपल्याच आहेत. घाईचं काही ठरवणार नाही. विहान आणि नीलालाही मजा येईल. तू पुढे बस. तुला हवं तिथे थांबू.

एअरपोर्टवर घ्यायला मी येते. तुला ट्रेननेच यायचं असेल तर तसं कळव.

चित्रा


म्युनिक, १५ जुलै

चि. चित्रा,

तुझी मेल मिळाली. घ्यायला ये, बॅग जड आहे.

टास्मानियाचं म्हणशील तर, मुलांना विनयकडे ठेवणार असशील तर मी येते. त्यांना आणणार असशील तर तुम्ही चौघं खुशाल जाऊन या. फोटो पाठवा.

आई